‘गाइडलाइन पाळली होती’ एवढं पुरतं का?

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर, दिवस मावळताना, एका तरुण मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. मुक्कामाचं घर किनाऱ्यापासून दीड मैल. खाट आणून त्याला घरी न्यायलाच बराच वेळ गेला. गावातल्या डॉक्टरांनी रात्री येऊन पायाला लाकडी फळ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, पुण्याला न्या. मग कुठूनतरी बरे स्प्लिंट मिळवले, टॅक्सी ठरवली, मुलाला आत रेलून बसवलं आणि रात्री एकच्या सुमारास दोनशे मैलांचा प्रवास सुरू झाला. त्या काळातले कोकणातून घाट चढून येणारे रस्ते डोळ्यांसमोर आणा, आणि मोडलेली मांडी. पुण्यात पोचायला ९ मेच्या सकाळचे साडेअकरा वाजले. वडील स्वतः दौंडला डॉक्टरी करायचे, ते आधीच पुण्यात येऊन थांबले होते.

एका रुग्णालयात पाय तपासून झाला, मग दुपारी सव्वादोनला मुलाला दुसऱ्या रुग्णालयात दाखल केलं. मॉर्फियाचं इंजेक्शन दिलं, एक्स-रे काढला, ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. साडेपाचला तो पाय प्लॅस्टरमध्ये घालून खोलीत परत आला. सातपर्यंत गुंगी उतरेल असं वडिलांना सांगण्यात आलं, म्हणून ते दौंडला परतले. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, खोकला सुरू झाला. रात्री नऊ वाजता तो गेला.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला १९६८ साली, भरपाई तीन हजार रुपये. शल्यचिकित्सकांचं म्हणणं असं की आपण हाड बसवलंच नाही, पाय फक्त स्थिर केला, आणि मृत्यू चरबीचे कण रक्तात गेल्यामुळे झाला. न्यायालयांनी पुरावा पाहून वेगळंच ठरवलं: एवढ्या प्रवासाने थकलेल्या मुलाला भूल न देता, एका मॉर्फियाच्या इंजेक्शनवर, माणसं लावून पाय जोराने ओढला गेला आणि त्या धक्क्याने तो दगावला.

मी वकिली करतो. डॉक्टरांच्या विरुद्धच्या आणि डॉक्टरांच्या बाजूच्या, दोन्ही प्रकारच्या केसेस माझ्याकडे येतात. दर दोनतीन वर्षांनी मी हा निकाल पुन्हा काढून वाचतो, कारण आज ज्या प्रश्नावर सगळे अडतात त्याचं उत्तर त्यात फार साध्या शब्दांत आहे. न्यायालयाने म्हटलं की डॉक्टरवर तीन जबाबदाऱ्या असतात: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे नीट ठरवणं, कोणता उपचार द्यायचा हे नीट ठरवणं आणि तो उपचार नीट देणं. या तिन्हींत अपेक्षा अत्युच्च कौशल्याची नसते, पण अगदी खालच्या दर्जाचीही नसते. वाजवी काळजीची असते. उपचार निवडण्याचं स्वातंत्र्य डॉक्टरला असतं, आणि तातडीच्या प्रसंगी ते जास्तच असतं.

म्हणजे स्वातंत्र्य आहे हे न्यायालयाने मान्य केलं आणि तरीही ते शल्यचिकित्सक हरले. असं का, ते कळण्यासाठी आधी गाइडलाइन नावाची वस्तू, म्हणजे कोणत्या आजारात काय उपचार करावेत याच्या तज्ज्ञांनी लिहिलेल्या सूचना, नीट बघू.

माझ्या ऑफिसात नातेवाईक येतात ते मोबाइलवरून काढलेली प्रिंट घेऊन. ‘हे बघा साहेब, गाइडलाइनमध्ये असं स्पष्ट लिहिलंय, आणि डॉक्टरांनी केलं नाही.’ डॉक्टर येतात ते कधीकधी तोच कागद घेऊन. ‘सगळं गाइडलाइनप्रमाणे केलंय, मग नोटीस आलीच कशी?’ दोघंही त्या कागदाकडे सरकारी जीआर असल्यासारखं बघतात. एकाला तो मोडला गेला म्हणून राग, दुसऱ्याला तो पाळला म्हणून निर्धास्तपणा.

तो कागद स्वतःबद्दल काय म्हणतो ते मात्र कुणी वाचत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे, उपचारांचे तक्ते आहेत. एका आजाराला एक पान, रंगीत चौकटी, बाण: हे असेल तर इकडे जा, ते असेल तर तिकडे. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरला फार उपयोगी. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक मजकूर असतो. त्याचा अर्थ असा: हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे, सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, रुग्णाच्या स्थितीप्रमाणे उपचार करणारा डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतो, आणि यातून जे होईल त्याची जबाबदारी आमच्यावर नाही. गाइडलाइन पाळली म्हणून आपण सुरक्षित, असं समजणाऱ्याला ती गाइडलाइनच सांगते की मी तुझी ढाल नाही.

गाइडलाइन तयार होते ती अशी. एखाद्या विषयावर जगभर झालेले अभ्यास एक समिती गोळा करते, तपासते, आणि प्रत्येक शिफारशीपुढे तिच्यामागच्या पुराव्याची प्रत लिहिते. ‘अ’ म्हणजे अनेक चांगल्या चाचण्यांचा आधार, ‘क’ म्हणजे मुख्यतः तज्ज्ञांचं मत किंवा चालत आलेली पद्धत. अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या गाइडलाइन्सची २००९ साली कुणीतरी ही मोजदाद केली. हृदयरोग हा सगळ्यात जास्त संशोधन झालेल्या विषयांपैकी एक. तरी ‘अ’ प्रतीच्या शिफारशी निघाल्या साधारण ११ टक्के, आणि ‘क’ प्रतीच्या ४८ टक्के. छापलेल्या पानावर दोन्ही सारख्याच ठसठशीत दिसतात. गाइडलाइन हातात घेऊन माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी हेच विचारतो, की या ओळीपुढे कोणतं अक्षर आहे.

दुसरी अडचण: ज्या लोकांवर चाचण्या झाल्या ते कोण होते? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघंही मधुमेहाचे संशोधक. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या दोघांचा एकत्र फोटो छापून आला. उंची आणि वजनावरून काढतात तो बीएमआय दोघांचाही सारखाच होता, २२.३. जागतिक मापाने दोघंही ठणठणीत. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा एक, शरीरं दोन. आपल्याकडची माणसं किडकिडीत दिसूनही पोटात चरबी बाळगतात आणि कमी वजनावरही त्यांना मधुमेह होतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. पुढे भारतीय तज्ज्ञांनी बीएमआयची जास्त वजनाची रेघ २५वरून २३वर आणि लठ्ठपणाची ३०वरून २५वर आणली. तोवर जुन्या रेघेवर विसंबून ‘वजन ठीक आहे’ असं ऐकून किती जण घरी गेले असतील, याचा विचार मनातून जात नाही. इथे कुणी निष्काळजी नव्हतं. रेघच दुसऱ्यांच्या अंगावर मापून आखलेली होती.

तिसरी अडचण आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. गाइडलाइन एकेका आजाराची असते, पण सत्तरीच्या पुढच्या माणसाला एकच आजार क्वचितच असतो. अमेरिकेतल्या एका अभ्यासगटाने २००५ साली ७९ वर्षांच्या एका काल्पनिक बाईंचा विचार केला. रक्तदाब, मधुमेह, दमेकऱ्यांसारखा फुप्फुसाचा जुनाट आजार, ठिसूळ हाडं आणि संधिवात. या पाचही आजारांच्या गाइडलाइन्स तंतोतंत पाळल्या तर बाईंना १२ औषधं घ्यावी लागतात, दिवसातून पाच वेगवेगळ्या वेळांना, आणि महिन्याचा खर्च ४०६ डॉलर. शिवाय एका आजाराचं औषध दुसऱ्याला बाधतं ते वेगळंच. प्रत्येक गाइडलाइन आपापल्या जागी बरोबर. पाचही मिळून बाईंच्या ताटात जेवणापेक्षा गोळ्या जास्त. इथे कुणीतरी बसून ठरवावं लागतं की यातलं काय सोडायचं, आणि ते ठरवण्यासाठी सहावी गाइडलाइन कुणी लिहिलेली नाही.

शिवाय गाइडलाइन शिळी होते. बेल्जियममधल्या लूव्हन इथल्या एका अतिदक्षता विभागात २००१ साली दिसलं की रुग्णांची साखर इन्सुलिन देऊन अगदी ८० ते ११०च्या आत ठेवली तर मृत्यू कमी होतात. जगभरच्या आयसीयूंनी ते उचललं, शिफारशींमध्येही ते आलं. मग ६,१०४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि २००९ साली निकाल आला: साखर कडक ताब्यात ठेवलेल्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू, आणि १८०पर्यंत चालवून घेतलेल्या गटात २४.९ टक्के. मधल्या आठ वर्षांत ज्यांनी कडक मर्यादा पाळली ते उत्तम डॉक्टर होते, वाचून काम करणारे होते. तरी रुग्णाला कदाचित त्या डॉक्टरचा फायदा झाला असेल, जो म्हणाला असेल की या आजींची साखर एवढी खाली नेण्याची मला भीती वाटते.

एवढं वाचून गाइडलाइन फेकून द्यावी असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी बिलासपूर आठवावं. नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. सरकारी मर्यादा दिवसाला ३०ची होती. त्या शिबिरांनंतर १३ बायका मेल्या. तिथे ‘डॉक्टरचं स्वातंत्र्य’ हा शब्द तोंडातून काढायलाही लाज वाटायला हवी.

मला जे सांगायचंय ते इथे आहे. गाइडलाइन या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू फिरतात. एक आहे कुंपण: दिवसाला ३०पेक्षा जास्त नाही, भूल दिल्याशिवाय हाड ओढायचं नाही, रक्तगट जुळवल्याशिवाय रक्त चढवायचं नाही. दुसरी आहे पायवाट: या आजारात बहुतेकांना या औषधाने बरं वाटतं, तिथून सुरुवात करा. कुंपण माणसाचा जीव वाचवण्यासाठी घातलेलं असतं, ते ओलांडणाऱ्याने फार मोठं कारण दाखवायला हवं. पायवाट आधी गेलेल्यांच्या पावलांनी पडलेली असते. पुढे ओढा भरलेला दिसला तर ती सोडायचीच असते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी या दोघांची गफलत असते. पायवाट सोडली म्हणून डॉक्टरला गुन्हेगार ठरवतात, आणि कुंपण तोडलं तर ‘वैद्यकीय निर्णय होता’ म्हणून सोडून देतात. पालशेतच्या मुलाच्या खटल्यात न्यायालयाने गफलत केली नाही. पाय कोणत्या पद्धतीने बसवायचा ही पायवाट होती, ती डॉक्टरची. भूल न देता ओढला, ते कुंपण होतं.

कुंपणही नुसतं कागदावर असून भागत नाही. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी थांबून नाव, बाजू, शस्त्रक्रिया मोठ्याने म्हणायची, अशी जागतिक आरोग्य संघटनेची यादी आहे. जगभरच्या आठ रुग्णालयांत ती वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं, हे २००९ साली छापून आलं. मग कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात ती सक्तीची झाली, १०१ रुग्णालयांची आकडेवारी तपासली गेली, आणि २०१४ साली दिसलं की मृत्यूंमध्ये ठळक फरक पडलेला नाही. यादी तीच. पण थांबून बोलणं वेगळं आणि फॉर्मवर टिक करणं वेगळं. मला फाइलींमध्ये टिक केलेले फॉर्म खूप दिसतात. काही तर सगळे एकाच पेनाने, एकाच झटक्यात केलेले.

पायवाट नसलेल्या रानात काय करायचं, याचं उदाहरण आपल्या कोकणातच आहे. लाल विंचू चावल्यावर निरोगी मुलं बघता बघता हृदय आणि फुप्फुस निकामी होऊन मरायची आणि पुस्तकांत त्यावर खात्रीचा इलाज नव्हता. महाड भागात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसले, घाम कधी येतो, हातपाय कधी गार पडतात, नाडी कशी बदलते ते टिपत राहिले. १९८२ साली त्यांनी ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’ला पाठवली आणि ती छापूनही आली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. लोक या गोष्टीतून ‘पुस्तकाला न जुमानणारा डॉक्टर’ एवढंच घेतात, त्याचं मला वाईट वाटतं. त्यांनी प्रत्येक रुग्ण नोंदवला, लिहिलं, जगापुढे तपासायला ठेवलं. आणि पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष आल्यावर आपल्याच उपचाराशी त्याची तुलना करून, २०११ साली, दोन्ही एकत्र दिली तर रुग्ण लवकर सावरतो हेही छापलं. वाट सोडणाऱ्याने मागे खुणा ठेवाव्या लागतात, म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की ही नवी वाट आहे की नुसतं भरकटणं.

आता कायदा हे सगळं कसं मोजतो ते बघू. १९५७ साली इंग्लंडमध्ये बोलॅम नावाच्या खटल्यात कसोटी ठरली: त्या विषयातल्या जाणत्या डॉक्टरांच्या एखाद्या जबाबदार गटाला जे मान्य आहे तसं वागणारा डॉक्टर निष्काळजी नाही, भले दुसऱ्या गटाचं मत वेगळं असो. आपल्या न्यायालयांनीही ही कसोटी घेतली. २००५ सालच्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिच्याच आधारावर सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा चालवायचा तर निष्काळजीपणा ढोबळ असायला हवा, आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र, जाणकार डॉक्टरचं मत घ्यावं. गेल्या वीस वर्षांत यामुळे किती डॉक्टर विनाकारण अटकेपासून वाचले असतील.

पण बोलॅममध्ये एक भोक होतं. ‘आमच्यात सगळे असंच करतात’ एवढं म्हटलं की सुटका? इंग्लंडच्याच सर्वोच्च पीठाने १९९७ साली ते बुजवलं: गटाचं मत तर्काच्या कसोटीवर टिकायला हवं. चार तज्ज्ञ येऊन ‘चालतं’ म्हणाले तरी न्यायाधीश विचारू शकतो, का चालतं? गाइडलाइनला हेच लागू होतं. ती पुरावा आहे, वजनदार पुरावा आहे, पण निकाल नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे डॉक्टरांचं एकमतसुद्धा कमी पडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८च्या एका निकालातल्या बाई ४४ वर्षांच्या होत्या. दुर्बिणीतून तपासणी करायला म्हणून त्यांना भूल दिली. आत आजार दिसला, डॉक्टरांनी बाहेर येऊन त्यांच्या आईची सही घेतली आणि गर्भाशय, बीजांडं काढून टाकली. वैद्यकीयदृष्ट्या निर्णय चुकीचा होता असं न्यायालय म्हणालं नाही. ते एवढंच म्हणालं की बाई सज्ञान होत्या, जिवावर बेतलेलं नव्हतं, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, आणि त्यांच्या शरीराबद्दल सही करण्याचा अधिकार आईला नव्हता. गाइडलाइन आजाराबद्दल बोलते. माणसाला काय हवंय हे तिच्या एकाही चौकटीत लिहिलेलं नसतं, ते विचारावंच लागतं.

हे सगळं डॉक्टरांना सुनावणाऱ्या न्यायालयांची स्वतःची स्थिती काय? खरं सांगायचं तर तिथे हाच घोळ झाला आणि त्याची किंमत मोठी होती.

फाशीची शिक्षा कधी द्यायची, हा प्रश्न १९८० साली पाच न्यायाधीशांपुढे बचनसिंग खटल्यात आला. बहुमताने फाशी घटनेत बसते असं ठरलं, पण ‘दुर्मीळातल्या दुर्मीळ’ प्रकरणातच, आणि गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही बघून: त्याचं वय, परिस्थिती, सुधारण्याची शक्यता. याद्या करा अशी मागणी झाली तेव्हा न्यायालयाने ठाम नकार दिला. माणसांच्या कहाण्या इतक्या वेगळ्या असतात की त्यांचा साचा करता येणार नाही, अशी भूमिका घेतली. तीनच वर्षांनी, १९८३ साली, मच्छीसिंग खटल्यात तीन न्यायाधीशांनी सोय म्हणून पाच प्रकार सांगितले: खून कसा केला, कशासाठी केला, समाजाला तो किती घृणास्पद वाटला, किती जण मारले, मारला गेलेला कोण होता. पाचही प्रकार गुन्ह्याबद्दल आहेत हे लक्षात घ्या. गुन्हेगार त्यात कुठेच नाही.

पायवाट म्हणून सांगितलेली ही यादी हळूहळू टिक करायचा तक्ता झाली. १९९६च्या एका निकालाने तर शिक्षा ठरवताना गुन्हाच बघायचा, गुन्हेगार नाही, असं धरलं आणि पुढचे अनेक निकाल त्यावर उभे राहिले. २००९ साली महाराष्ट्रातून गेलेल्या बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच कबूल केलं की हे निकाल १९८०च्या पाच न्यायाधीशांच्या निर्णयाशी विसंगत होते. मच्छीसिंगचे प्रकार अटळ नियम नाहीत, हेही न्यायालयाने त्या सुमारास मान्य केलं. पण त्या चुकीच्या रांगेतल्या दोघांना त्याआधीच फाशी झालेली होती. आयसीयूतल्या साखरेसारखंच हे, फक्त इथे रुग्णाच्या जागी कैदी आणि नवी चाचणी यायला तेरा वर्षं.

उलट १९९६ सालीच डी. के. बसू खटल्यात न्यायालयाने अटकेचे अकरा नियम दिले: अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. हे कुंपण आहे आणि ते कुंपणासारखंच पाळायला हवं. कोठडीत काय चालतं हे माहीत असलेल्या कुणालाही ‘परिस्थितीप्रमाणे सवलत’ ही भाषा तिथे मान्य होणार नाही. वकिलांना हा फरक बरोबर कळतो, पण आशिलाच्या सोयीप्रमाणे आम्ही तो फिरवतो, हेही मला मान्य करायला हवं.

वैद्यक आणि कायदा जिथे एकाच खाटेपाशी भेटतात तिथली एक गोष्ट मुंबईतून सुरू झाली. केईएम रुग्णालयाच्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर चार दशकांहून जास्त काळ तिथेच पडून होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा रुग्णाचे जीवरक्षक उपचार थांबवायचे तर उच्च न्यायालयाची परवानगी लागेल. २०१८ साली पाच न्यायाधीशांनी पुढचं पाऊल टाकलं: शुद्धीत असताना माणूस लिहून ठेवू शकतो की मला शेवटी यंत्रांवर ठेवू नका. हक्क मिळाला. पण पद्धत अशी, की इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी, डॉक्टरांचं एक मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्याने नेमलेलं दुसरं मंडळ, मग न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः रुग्णाला येऊन बघायचं. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या कुटुंबाने हे कुठे आणि कसं करायचं? जपून आखलेली ही वाट एवढी अरुंद होती की तिच्यावरून कुणाला जाता येईना. शेवटी जानेवारी २०२३मध्ये न्यायालयाने ती रुंद केली: नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल, दुसरं मंडळ रुग्णालयच नेमेल, मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावं, दंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं. तरी इच्छापत्राची प्रत सांभाळणारा माणूस महाराष्ट्रात कोण, हे ठरवून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात याचिका करावी लागलीच.

कागद पाळला की मोडला यापेक्षा कारण काय होतं आणि ते कुठे लिहिलंय, याकडे मी आधी बघतो, ते या सगळ्यामुळे. काही वर्षांपूर्वी जिल्हा ग्राहक आयोगापुढे मी एका डॉक्टरांच्या बाजूने उभा होतो. वयस्कर रुग्ण, हृदयाची लय बिघडलेली. अशा वेळी गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारं औषध द्यावं, असं गाइडलाइन सांगते. ते दिलं नाही आणि चौथ्या दिवशी लकवा झाला. मुलाने तक्रार केली, सोबत गाइडलाइनची प्रत जोडली, ओळीखाली लाल रेघ मारून. माझ्या हातात केसपेपर होता. दाखल झालेल्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी, निळ्या शाईत, तीन ओळी: काल घरात पडले, डोक्याला मार, दोन दिवस शौच काळी, रक्त पातळ करण्याचं औषध आज देत नाही, उद्या सकाळी सीटी आणि हिमोग्लोबिन पाहून पुन्हा ठरवू. म्हणजे आत कुठेतरी रक्तस्राव होत असेल अशी धास्ती. खाली थोरल्या मुलाची सही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही तशीच एकेक ओळ होती, हिमोग्लोबिनच्या आकड्यासह.

तक्रार धाकट्या मुलाची होती, तो तेव्हा बाहेरगावी होता. उलटतपासणीत मी त्याच्यापुढे ते पान ठेवलं. त्याने भावाची सही ओळखली. मग पुन्हा वर जाऊन तीनही ओळी वाचल्या, बोट ठेवून, सावकाश. माझ्या पुढच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी त्याने आयोगाच्या सदस्यांकडे बघून विचारलं, या पानाची झेरॉक्स मिळेल का?